तार, आरसा आणि घोडेस्वार : बोअर सेनापतींच्या निरोपांच्या वाटेवर

नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू कैदेत होते, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. त्याच किल्ल्यात चाळीसेक वर्षं आधी, 1901-02 च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतून जहाजानं आणलेले बोअर कैदी होते. बोअर म्हणजे तिथले डच वंशाचे शेतकरी. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन प्रजासत्ताकं 1899 ते 1902 ब्रिटिशांशी लढली. त्यांची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं तारखात्यात गेली. त्यामुळे हे युद्ध वाचायला घेतलं तेव्हा तोफा-बंदुकांच्या आधी एकच प्रश्न मनात आला. महाराष्ट्राहून मोठ्या माळरानावर विखुरलेले, बरेचसे शेतकरीच असलेले हे सेनापती एकमेकांशी बोलत कसे होते? तारा तुटल्यावर काय करत होते? यंदाच्या मे महिन्यात मी आणि सौ. ते बघायलाच गेलो.

व्हिसा, तिकिटं यांत सांगण्यासारखं काही नाही. फक्त आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर यलो फीवरच्या लसीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. गाडी भाड्यानं घ्या. तिथंही डावीकडूनच चालवतात आणि रणभूमीपर्यंत बस जात नाही.

पहिला दिवस : हॅरिस्मिथमार्गे लेडीस्मिथ

जोहान्सबर्गहून सकाळी निघालो. वाळलेल्या गवताचा पिवळा माळ तासन् तास संपत नाही. मध्येच सपाट डोक्याची एखादी टेकडी दिसते. तिला इकडे कोपी म्हणतात. हा मुलूख डोळ्यांनी बघितल्याशिवाय या युद्धाचं काही कळत नाही, असं माझं मत झालं आहे. इथं एका टेकडीवरून दुसरी टेकडी स्पष्ट दिसते, पण घोड्यावरून तिथं पोचायला दिवस जातो.

हॅरिस्मिथला वनस्पती उद्यानात एक दगडी ब्लॉकहाउस, म्हणजे पहाऱ्याचं छोटं ठाणं, टिकून आहे. गावाच्या पाणीपुरवठ्यावर पहारा ठेवायला ते बांधलं होतं. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ब्रिटिश सरसेनापती किचनेरनं अशी सुमारे 8,000 ठाणी उभारली. बरीचशी पत्र्याची होती. ठाण्याठाण्यांमध्ये काटेरी तार आणि टेलिफोनची तार. म्हणजे ज्या तारेवर बोअरांनी युद्ध सुरू केलं, त्याच तारेनं शेवटी त्यांची कोंडी केली. आत वाकून गेलो. बंदुकीसाठी ठेवलेल्या फटीतून माळाचा एक चिंचोळा तुकडा तेवढा दिसतो.

व्हॅन रीनेनचा घाट उतरून दुपारी लेडीस्मिथला आलो. बोअरांनी 2 नोव्हेंबर 1899 ते 28 फेब्रुवारी 1900 असे 118 दिवस या गावाला वेढा घातला. तारा तोडलेल्या, त्यामुळे आतल्या ब्रिटिश जनरल व्हाइटला मदतीला आलेल्या बाहेरच्या जनरल बुलरशी बोलायला हेलिओग्राफ, म्हणजे उन्हाचा आरसा, हाच मोठा आधार होता. ढग आले की संभाषण बंद. बाहेर बोअरांची उलट चैन होती. त्यांचे तळ तारेनं थेट ट्रान्सवालची राजधानी प्रिटोरियाला जोडलेले होते. ट्रान्सवालचे राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर घरबसल्या आघाडीवर तारा धाडत. लढाईच्या सूचना आणि बायबलातली वचनं एकाच तारेत. त्या तारा छावण्यांतून वाचून दाखवल्या जात.

संध्याकाळी विष्णुमंदिरात गेलो. तिथं गांधीजींचा पुतळा आहे. देवळाबाहेर एक सत्तरीच्या बाई भेटल्या. पणजोबा मद्रासकडून ऊसमळ्यांवर करारावर आलेले. त्यांनी प्रभुसिंगची गोष्ट सांगितली. मी ती गांधीजींच्या लेखनात वाचली होती, पण गावात उभं राहून ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. वेढ्यात अडकलेला हा गिरमिटिया मजूर रोज उघड्यावर बसून समोरच्या अंबुलवाना डोंगरावरच्या बोअरांच्या लाँग टॉम तोफेवर नजर ठेवायचा. तिकडे बत्ती दिल्याचं दिसलं की हा घंटा वाजवायचा आणि गोळा येऊन पडायच्या आत लोक आडोशाला जायचे. व्हाइसरॉय कर्झननं त्याच्यासाठी काश्मिरी पोशाख पाठवला. दोन फौजांकडे आरसे, तारा, दुर्बिणी, सगळं होतं. गावातल्या बायकापोरांचा जीव वाचवणारी यंत्रणा म्हणजे हा एक माणूस आणि एक घंटा.

जेवायला बनी चाऊ. पाव पोखरून त्यात भरलेली रसभाजी. शाकाहारी मंडळींनी 'बीन्स बनी' मागावा. चव आपल्या ओळखीची, तिखट मात्र सांगून कमी करून घ्या.

दुसरा दिवस : स्पिऑनकोप आणि कोलेन्झो

सकाळी सात वाजता टेकडीवर धुकं होतं. वाटाड्या म्हणाला, "बरोबर असंच होतं त्या दिवशी." हा निवृत्त शाळामास्तर, आफ्रिकान्स बोलणारा. पणजोबा बोअर सेनापती बोथाच्या फौजेत होते.

24 जानेवारी 1900 ची पहाट. ब्रिटिश रात्रीच्या अंधारात वर चढून आले, धुक्यात खंदक खणले. धुकं उठलं तेव्हा लक्षात आलं, की आपण माथ्याच्या कडेला नाही, मधोमध बसलो आहोत आणि तिन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर बोअर आहेत. त्यांच्या जनरल वुडगेटला सकाळीच प्राणघातक जखम झाली. त्यानंतरचा हेलिओग्राफचा निरोप प्रसिद्ध आहे. ताबडतोब कुमक धाडा, नाहीतर सगळं संपलं, जनरल गेले. पुढे आरशाचं यंत्रच गोळ्यानं निकामी झालं. रात्री संदेशाच्या दिव्याला तेल नव्हतं. वर कोण अधिकारी, कुणाचा हुकूम कुणाला पोचला, याचा मेळ राहिला नाही. अंधार पडल्यावर वरचा ब्रिटिश अधिकारी थॉर्निक्रॉफ्ट यानं फौज खाली उतरवली.

आता बोअरांची बाजू. रात्री त्यांच्याही छावण्या निघायच्या तयारीत होत्या. त्यांचा एक सेनापती शाल्क बर्गर आपली माणसं घेऊन निघूनसुद्धा गेला. लुई बोथा मात्र रात्रभर घोड्यावरून फिरत, निरोप धाडत, माणसांना थांबवत राहिला. पहाटे माथ्यावर दोन बोअर टोप्या हलवताना दिसले, तेव्हा खालच्यांना कळलं की टेकडी आपली झाली. दोघंही हरल्यासारखे मागे फिरले होते. एका बाजूचा निरोप पोचत राहिला, दुसऱ्या बाजूचा नाही. मी आयुष्यभर जे काम केलं, त्याची किंमत मला त्या माथ्यावर जितकी कळली तितकी नोकरीत कधी कळली नव्हती.

ब्रिटिशांचा मुख्य खंदक आता त्यांचीच सामुदायिक कबर आहे. पांढऱ्या दगडांची लांब वळणदार ओळ. जखमींना इथून खाली नेणाऱ्यांत गांधीजी आणि त्यांचं सुमारे 1,100 हिंदी लोकांचं पथक होतं. त्यांतले बहुतेक गिरमिटिये. निरोप्या म्हणून वर-खाली करणाऱ्यांत तरुण चर्चिल. बोथा, गांधी, चर्चिल, तिघंही याच डोंगराच्या अवतीभवती होते.

ऊन पडलं तसं मी मास्तरांना सांगितलं, की मी तारमास्तर होतो. त्यांनी काही न बोलता खाली गेटपाशी थांबलेल्या नातवाला फोन केला. थोड्या वेळानं खालून लख्ख उजेड डोळ्यांत आला आणि गेला. पोरानं दाढीचा आरसा धरला होता आणि टोपीनं तो झाकत-उघडत होता. एक लांब, तीन आखूड. बी. तीन लांब. ओ. एकच लांब. टी. मी मोठ्यानं अक्षरं सांगत गेलो. चार आखूड, एच. एक आखूड, एक लांब, ए. "बोथा!" मास्तरांनी माझा हात हातात घेतला. पोराला आजोबांनी लहानपणीच मोर्स शिकवला आहे. डोळ्यांत उजेड भरतो, अक्षर संपलं की नवं सुरू झालं हे पटकन कळत नाही, वारा आला की आरसा ढळतो. पाच अक्षरांना इतका वेळ लागला. गोळ्यांच्या वर्षावात अख्खा निरोप पाठवणाऱ्याचं काय होत असेल!

टीप : माथ्याजवळपर्यंत गाडी जाते. वर सावली नाही, पाणी मिळत नाही, वारा बोचरा असतो. स्थानिक वाटाड्या घ्याच. एकटं गेलात तर दगड बघून परत याल.

दुपारी कोलेन्झो. 15 डिसेंबर 1899 ला इथं बुलरचा पराभव झाला, बोअरांना दहा तोफा मिळाल्या. नदीच्या अलीकडे, ब्रिटिशांच्या बाजूला, ऱ्हांग्वाने नावाची टेकडी आहे. लढाईच्या तोंडावर भडिमाराला घाबरून तिच्यावरचे बोअर ती सोडून आले होते. परत जायला कुणी तयार नव्हतं, कारण मागे नदी. बोथानं प्रिटोरियाला तार केली. क्रूगरचं तारेनं उत्तर आलं, की ती टेकडी सोडली तर सगळंच गेलं. मग युद्धमंडळ बसलं, चिठ्ठ्या टाकल्या आणि वाक्करस्ट्रोमच्या तुकडीच्या नावानं चिठ्ठी निघाली. ती माणसं रात्री नदी ओलांडून गेली. शेकडो किलोमीटरवरच्या म्हाताऱ्यानं नकाशा बघून दिलेला सल्ला अचूक निघाला. मी नदीकाठी उभा राहून टेकडी बघितली. ती नसती तर बोअरांची डावी बाजू उघडी पडली असती, हे माझ्यासारख्या बिनलष्करी माणसालाही दिसतं.

तिसरा दिवस : राइट्झ

राइट्झला पर्यटक येत नाहीत. धान्याची उंच कोठारं, चर्च, रुंद रस्ते, ट्रॅक्टरचं दुकान. पेट्रोल पंपावरच्या मुलीनं विचारलं, वाट चुकलात का? तरीही या प्रवासात मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं गाव हेच.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. 1900 च्या मेअखेर जोहान्सबर्ग पडलं. क्रूगर आधीच रेल्वेनं पूर्वेकडे निघून गेला होता. प्रिटोरियात बोथा, स्मट्स आणि बाकीचे नेते खचले. युद्ध थांबवावं असं ठरत आलं आणि फ्री स्टेटचा राष्ट्राध्यक्ष मार्टिनस स्टेन याला तशी तार गेली. स्टेनची राजधानी तेव्हा हातची गेलेली, तो पूर्वेच्या माळावर. त्याचं उत्तर तारेनं लगेच आलं, आणि जळजळीत होतं. तुम्ही आम्हाला या युद्धात ओढलंत, आमचा मुलूख गेला, आता आग तुमच्या दारात आली तर तह करता? आम्ही एकटे लढू. या आशयाची ती तार प्रिटोरियात वाचली गेली आणि तहाचा विषय मागे पडला. काही दिवसांतच, 5 जूनला, प्रिटोरिया पडली, पण युद्ध आणखी जवळपास दोन वर्षं चाललं.

वर्षभरानं पुन्हा तोच प्रसंग. आता तारा ब्रिटिशांच्या ताब्यात. 10 मे 1901 ला ट्रान्सवालच्या नेत्यांनी स्टेनला पत्र लिहिलं. दारूगोळा संपत आलाय, माणसं शरण जाताहेत, युरोपातून काही कळत नाही. पत्रावर सही सरकारचे सचिव एफ. डब्ल्यू. राइट्झ यांची. हे पत्र घोडेस्वारांनी शत्रूच्या फौजा चुकवत नेलं. स्टेननं 15 मे रोजी उत्तर लिहिलं. उत्तर तेच, पहिल्याइतकंच कडक. जूनमध्ये स्मट्सनं किचनेरच्याच परवानगीनं, प्रिटोरियातल्या डच वकिलातीमार्फत, युरोपात असलेल्या क्रूगरला तार केली. लढत राहा, असं तिकडून कळलं. 20 जूनला दोन्ही सरकारं वॉटरव्हालला भेटली आणि लढायचं ठरलं.

11 जुलै 1901 च्या पहाटे ब्रिटिश जनरल ब्रॉडवुडच्या घोडदळानं राइट्झ गावावर छापा घातला. फ्री स्टेटचं जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ पकडलं. स्टेनला त्याचा आचारी यान रायटर यानं उठवलं. रात्रीच्या कपड्यांत, खोगीर न घालता, गोठवणाऱ्या थंडीत तो घोड्यावरून निसटला. रायटर मागे राहिला आणि पळाला तो कुणी म्हातारा बोअर, असं त्यानं शिपायांना सांगितलं. स्टेन सुटला, कागद मात्र सापडले. मे महिन्यातला तो पत्रव्यवहार किचनेरच्या हाती लागला आणि त्यानं तो जगजाहीर केला. बोअर नेत्यांची आपसातली कुरबूर सगळ्यांनी वाचली. तारेला कान लावून चोरी करता येते, पण कागद एकदा गेला की सगळाच जातो.

गावाला नाव त्याच एफ. डब्ल्यू. राइट्झचं. तो आधी फ्री स्टेटचा राष्ट्राध्यक्ष होता. म्हणजे राइट्झनं लिहिलेलं पत्र राइट्झमध्ये पकडलं गेलं. बेकरीतल्या काकूंनी व्हेटकूक खाऊ घातलं, आपल्या बालुशाहीच्या आकाराचं, पण बिनसाखरेचं तळलेलं. आत जर्दाळूचा मुरंबा. यान रायटरचं नाव काढल्यावर त्या म्हणाल्या, "शाळेत आम्हाला स्टेन शिकवला, रायटर नाही."

चौथा-पाचवा दिवस : ब्लूमफाँटेन, सान्नास्पोस

ब्लूमफाँटेनच्या युद्ध संग्रहालयाला अख्खा दिवस द्या. मी हेलिओग्राफपाशीच कितीतरी वेळ होतो. तिकाटण्यावर गोल आरसा, बरोबर मधे टाचणीच्या डोक्याएवढा पारा खरवडलेला ठिपका. त्या ठिपक्यातून नेम धरायचा. मागच्या बाजूला तारयंत्रासारखी कळ. ती दाबली की आरसा किंचित कलतो आणि झोत समोरच्या टेकडीवर जातो. हे यंत्र हेन्री मान्सनं 1869 च्या सुमारास कराचीत बनवलं, पर्शियन आखाताच्या तारखात्यात नोकरीला असताना. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. आपल्याच इलाख्याच्या तारखात्याजवळ जन्मलेलं यंत्र इथं दोन्ही फौजांकडे होतं. ट्रान्सवालच्या तोफखान्याचं स्वतःचं तारपथक होतं, लेफ्टनंट पाफच्या हाताखाली. जर्मनीतल्या सीमेन्सकडून बिनतारी यंत्रंही मागवली होती. ती केप टाउनच्या बंदरात ब्रिटिशांना मिळाली.

सोल प्लाकी यांचं दालन चुकवू नका. बोअरांनी वेढलेल्या माफेकिंग गावात ते न्यायालयात दुभाषी होते. शत्रूच्या फळीतून ये-जा करणाऱ्या आफ्रिकी हेरांच्या बातम्या ते मॅजिस्ट्रेटसाठी लिहून घेत. दोन्ही बाजूंची कितीतरी पत्रं काळ्या माणसांनी जिवावर उदार होऊन नेली. पकडले गेले तर गोळी. सेनापतींच्या आठवणींत त्यांची नावं क्वचितच येतात.

बाहेर स्त्री-स्मारक. ब्रिटिशांच्या छळछावण्यांत मेलेल्या 26,370 बोअर स्त्रिया आणि मुलांचा आकडा कोरला आहे. आफ्रिकी लोकांच्या वेगळ्या छावण्यांतले नोंदलेले मृत्यूच 14,000 च्या वर आहेत. स्टेनची कबर इथंच आहे, फ्री स्टेटचा सेनापती डे वेट याचीही, आणि या छावण्या जगापुढे आणणाऱ्या एमिली हॉबहाउसच्या अस्थीही. 'लढत राहा' अशी स्टेनची उत्तरं मी दोन दिवस मनात घोळवत होतो. या आकड्यापुढे उभं राहिल्यावर ती उत्तरं पूर्वीसारखी वाचता येईनात. सौ. म्हणाली, "त्याला हे कळत होतं का?" छावण्यांची बातमी त्याला होती. तरी तो म्हणाला, लढू. यावर मला अजून सोपं मत देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सान्नास्पोस. 31 मार्च 1900 ला डे वेट ओढ्याच्या खोलगट पात्रात लपला. ब्रिटिशांच्या गाड्या एकामागून एक ओढ्यात उतरत गेल्या आणि गुपचूप पकडल्या गेल्या, मागच्यांना पत्ता नाही. सात तोफा आणि ब्रिटिशांनी घेतलेल्या ब्लूमफाँटेनचं पाणी त्याच्या हाती आलं. शहरात आधीच विषमज्वर होता, तो आणखी भडकला.

टीप : मे महिन्यात रात्री पारा शून्याजवळ जातो आणि साध्या निवासांत हीटर असेलच असं नाही. लोकरीचे कपडे न्या. शाकाहारींसाठी मक्याचा पाप (घट्ट लापशी) आणि चाकालाका (तिखट भाजी) हे पोटभर जेवण आहे.

सहावा दिवस : पर्डेबर्ग

मोडर नदीकाठी बोअर सेनापती पीट क्रॉन्ये सुमारे 4,000 माणसांसह वेढला गेला होता. बाहेर डे वेट. निरोप असा, की फोडून बाहेर या, मी मार्ग मोकळा धरतो. 25 फेब्रुवारी 1900 च्या रात्री तो घेऊन डॅनी थेरॉन निघाला.

हा थेरॉन मूळचा वकील. युद्धाआधी त्यानं सायकलस्वार निरोप्यांचं पथक उभारलं. सायकलीला दाणावैरण लागत नाही, हा त्याचा मुद्दा. वरिष्ठांना पटेना, तेव्हा प्रिटोरियाहून क्रोकोडाइल नदीपर्यंत घोडा आणि सायकल यांची शर्यत लावली. सायकल जिंकली आणि 108 जणांचं पथक मंजूर झालं.

इथं सायकल कामाची नव्हती. तो ब्रिटिश पहाऱ्यांमधून सरपटत गेला, निरोप दिला आणि तसाच परत आला. डे वेटनं लिहून ठेवलंय, की परतला तेव्हा कपड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि सोललेल्या गुडघ्यांतून रक्त येत होतं. मी नदीच्या काठावर गुडघ्यावर टेकून बघितलं. काटेरी झुडपं आणि धारदार खडी. दहा पावलांतच सौ.नं हात देऊन उठवलं. एवढं करून निरोप पोचला, पण आतल्या युद्धमंडळाला ते धाडस झेपलं नाही. 27 तारखेला क्रॉन्ये शरण आला. थेरॉन त्याच सप्टेंबरात मारला गेला.

सातवा दिवस : प्रिटोरिया

मेलरोज हाउस हे सुंदर घर आहे. रंगीत काचा, जड पडदे. 31 मे 1902 च्या रात्री जेवणघरातल्या टेबलावर तह झाला. त्यासाठी बोअर नेत्यांना गोळा करायचं काम ब्रिटिशांनीच केलं. स्मट्स पार वायव्य केपमध्ये ओकीपला वेढा घालून बसला होता, त्याच्याकडे पांढरं निशाण घेऊन अधिकारी गेले. वर्षभर बाकीच्यांचं धड काही न कळलेले 60 प्रतिनिधी 15 मे रोजी व्हरीनिगिंगला जमले आणि एकमेकांची अवस्था तिथं पहिल्यांदा समोरासमोर ऐकली. कुणाकडे घोडे नाहीत, कुणाकडे मका नाही, बायकामुलं उपाशी. शेवटी 54 विरुद्ध 6 मतांनी तह मंजूर झाला.

माझं मत विचाराल तर त्या बैठकीनं जे केलं ते पत्रांनी आणि तारांनी आधी झालं नसतं. तारेत ठाम राहता येतं. समोर बसलेल्या माणसाचे फाटके बूट बघून तितकं ठाम राहता येत नाही.

तहावर बोअरांच्या दहा सह्या आहेत. बोथा, डे ला रे, बर्गर, राइट्झ. फ्री स्टेटतर्फे पहिली सही डे वेटची, हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून. स्टेनची नाही. पक्षाघातासारख्या दुखण्यानं तो उभाही राहू शकत नव्हता आणि 29 मे रोजी त्यानं राजीनामा दिला होता. तिसऱ्यांदा त्याला विचारायची वेळच आली नाही.

घर सोमवारी बंद असण्याची शक्यता असते, आधी फोन करून जा. क्रूगरचं राहतं घर गाडीनं थोड्याच अंतरावर आहे, दोन्ही एका सकाळीत होतात.